पुन्हा घातलेल्या घड्या

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात माझं काम घड्या तपासायचं. इस्त्री होऊन आलेली चादर हातात घ्यायची आणि कडेला कड जुळली नसेल तर झटकून परत पाठवायची. दिवसाला पाचेकशे चादरी होतात. तिथल्या बायका माझ्या पाठीमागे मला ‘फूटपट्टी’ म्हणतात. म्हणोत बापड्या.

पंचाईत घरी झाली. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारपासून माझी पाळी पहाटे पाचची लागली होती. आमचे हे ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस घराबाहेर. म्हणजे सकाळचं उठणं, दूध तापवणं, भांडी, केर, दाराला कुलूप, सगळं अकरा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा धाकटा यांच्याच गळ्यात. जमलं नाही तर वन्सं, म्हणजे यांची मोठी बहीण, दोघांना वर्षभर आपल्याकडे नेणार होत्या. वन्सं मनाने चांगल्या, पण त्यांचं गाव रात्रभराच्या प्रवासावर. पोरं महिन्यातून एकदा दिसली तर दिसली.

हातात तीन आठवडे होते. मी कंबर कसून शिकवायला लागले. थोरलीकडे भांडी आणि कपडे, धाकट्याकडे केर आणि पाण्याच्या बाटल्या. फारशी ओरडलेही नाही. पण पोरं शाळेत गेली की माझे हात शिवशिवायचे. कपाट उघडून टॉवेलची वाकडी घडी मोडायची, सरळ घालायची. पातेल्यावरून बोट फिरवायचं, चिकट लागलं की पुन्हा घासायचं. झाडूही पुन्हा फिरवायचा. पोरांना कळत नाही असं मी खुशाल धरून चालले होते. थोरलीच्या घड्या दिवसेंदिवस बोळ्यासारख्या होत गेल्या, तरी मी आपली म्हणतेय, पोरीचं लक्षच नाही.

पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी वन्सं आल्या. चहा झाल्यावर त्यांनी थोरलीला जवळ बसवलं.

“काय काय येतं गं तुला आता?”

“काहीच नाही.”

“असं कसं? आई तर फोनवर सांगत होती, सगळं शिकवलंय म्हणून.”

“शिकवलंय. पण मी केलेलं आई परत करते. म्हणजे मला येत नसणार.”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

धाकट्यालाही चेव आला. “मी तर केर काढतच नाही आता. नुसता झाडू आपटतो. आई काढतेच की!”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. “खरं?”

“खरंय. मला राहवत नाही.” एवढं बोलले आणि लाजेने रडूच आलं.

“अशाने तू महिन्याभरात अंथरूण धरशील आणि पोरं आहेत तिथेच राहतील. त्यापेक्षा संध्याकाळी नेतेच मी त्यांना.”

“वन्सं, आजचा दिवस द्या.”

“कुणाला? पोरांना?”

“मला.”

थोरली उठली. “मग तू बाहेर जाऊन जिन्यात बस. मी हाक मारल्याशिवाय यायचं नाही. आणि आत्या, तूही कशाला हात लावायचा नाहीस.”

लेकीने मला माझ्याच घरातून बाहेर काढलं. मी गुपचूप पायरीवर बसले. आतून नळाचा आवाज, भांड्यांची आदळआपट, धाकट्याची कुरकुर, थोरलीचा दम. पातेलं न निथळताच पालथं घातलं, हे मला बाहेरूनही कळलं. मी हात मांडीखाली दाबून ठेवले. वरच्या मजल्यावरचे मास्तर उतरताना थबकले.

“किल्ली हरवली का?”

“नाही, मुलांना काम शिकवतेय.”

मास्तरांनी बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि खाली उतरले.

तेवढ्यात आत काहीतरी खळ्ळकन फुटलं. मी ताडकन उठले. धाकटा अनवाणी असणार. माझा हात कडीवर गेला.

“हलू नकोस!” आतून थोरली ओरडली. “आहेस तिथेच थांब. मी चप्पल आणते.”

मग झाडूचा आवाज आला, काचा गोळा केल्याचा आवाज आला. माझा हात अजून कडीवरच होता. आयुष्यात पुष्कळ ओझी उचलली, पण तो हात खाली घ्यायला जेवढे कष्ट पडले तेवढे कशालाच पडले नाहीत. मी परत पायरीवर येऊन बसले.

दार किलकिलं झालं. थोरलीने डोकं बाहेर काढून आधी मी कुठे आहे ते बघितलं.

“ग्लास फुटला. तुझा निळा.”

“लागलं नाही ना कुणाला?”

“नाही. तू येणार नाहीस ना आत?”

“नाही.”

तिने मला नीट न्याहाळलं. “अजून अर्धा तास लागेल,” म्हणाली आणि आत गेली.

तिच्यामागून वन्सं चपला घालत बाहेर आल्या.

“कुठे निघालात?”

“बसस्टँडवर. येतानाच तीन तिकिटं काढून ठेवली होती गं मी. त्यातली दोन परत करून येते.” त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि मागे वळल्या. “तू उठू नकोस.”