सवतीचा कार्यक्रम

"अहो, ते कानातलं काढा आधी! शिट्टी मारतंय!"

मागच्या रांगेतल्यांनी माना वर करून पाहिलं. आमच्या ह्यांना मात्र पत्ता नाही. ते आपले पडद्याकडे डोळे लावून बसलेले. शेवटी मीच त्यांच्या कानातलं यंत्र ओढून काढलं आणि पर्समध्ये टाकलं. घरी बरं चालायचं मेलं, आणि नेमकं आज सभागृहाच्या भोंग्यांपुढे त्याने मान टाकली.

"आता काय करायचं हो?" मी तोंड नीट हलवत विचारलं.

"सुरू तर होऊ दे. एक कान आहे की अजून!"

तो एक कान! तोही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सगळा जन्म कापडाच्या गिरणीत मागांच्या खडखडाटात गेला, कान राहणार कुठून? डॉक्टरांचं ऐकलं आणि मी या गाण्याच्या कार्यक्रमाच्या मागे हात धुऊन लागले. तरुणपणापासून हा माणूस आज गाणार होत्या त्या बाईंच्या आवाजावर जीव टाकतो. लग्नाला आठवडा झाला नव्हता, तेव्हा रेडिओवर त्यांचं गाणं लागलं म्हणून ह्यांनी मला हाताच्या खुणेने गप्प बसवलं होतं. तेव्हापासून बाईंना मी सवतच म्हणते. पण समोर बसून ऐकायचा योग काही येईना. कधी गिरणीची पाळी आडवी आली, कधी माझं बाळंतपण, कधी सासूबाईंचं आजारपण. आता कान जायच्या आत एकदा तरी ह्यांनी तो आवाज ऐकावा, दुसरं मला काही नको होतं. मी नर्स आहे. आमच्या वॉर्डातल्या एका पेशंटच्या मुलाला गळ घालून पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मिळवल्या होत्या.

पडदा उघडला. बाईंना दोघींनी धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. किती वाळल्या होत्या! पण वाद्यं सुरू झाली, आवाज लागला आणि माझ्या अंगावर काटाच आला. रेडिओवरचा तोच आवाज, जसाच्या तसा. मी हरखून ह्यांच्याकडे वळले.

"येतंय ना ऐकू?"

हे कपाळाला आठी घालून बाईंकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले आणि नुसत्या ओठांनी म्हणाले, "गात नाहीयेत त्या."

मागांवर काम करणारे असंच बोलतात. त्या गोंगाटात घसा फोडून उपयोग नसतो, म्हणून आवाज न काढता ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. लग्नानंतर मीही शिकले. सासूबाईंच्या देखत भांडायला फार सोयीचं पडायचं.

"काहीतरीच काय!" मीही ओठांनीच म्हटलं.

"गळा बघ. एक तरी शीर हलतेय?"

मी बघितलं. खरंच की! ओठ तेवढे हलत होते आणि आवाज मागून कुठूनतरी येत होता. जुनी टेप लावली होती मेल्यांनी. माझं डोकंच फिरलं.

"उठा. टेपच ऐकायची तर घर काय वाईट होतं? त्या आयोजकाला चांगली खडसावते आता. लाज नाही वाटत—"

"बस खाली," ह्यांनी माझं मनगट धरलं. "बाई अडकल्यात."

दुसऱ्या कडव्यात बाईंचे ओठ मिटले होते. गाणं आपलं चाललेलं, आणि बाई शब्द विसरलेल्या. त्यांनी माईक घाईघाईने तोंडापुढे धरला, पण डोळे भिरभिरत होते. भूल उतरताना पेशंट असाच बघतो. आपण कुठे आहोत, तेच त्याला कळत नसतं. अजून थोडा वेळ गेला असता तर सगळ्या सभागृहाला कळलं असतं.

हे खुर्चीच्या टोकाला सरकले आणि तोंड मोठं उघडून पुढची ओळ सांगायला लागले. आवाज अजिबात नाही. मागाच्या पलीकडच्या जोडीदाराला सांगावं, तसं एकेक अक्षर सुटं करून. पण टेप कुठवर आलीय, ते ह्यांना त्या एका कानाने नेमकं कसं कळणार? माझा राग बाजूलाच राहिला. मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, बोटांनी ठेका धरला आणि ओळ सुरू झाली की गुडघा दाबायला लागले. बाईंची नजर फिरत फिरत ह्यांच्या तोंडावर येऊन थांबली. त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले. ते गाणं आणि त्यानंतरची सगळी गाणी ह्यांनी अशीच पार पाडली. हा माणूस एवढी वर्षं गाणी नुसती ऐकत नव्हता, पाठ करत होता!

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेर पडताना आमच्याच रांगेत कडेला बसलेल्या एका गृहस्थांनी ह्यांना गाठलं.

"काय आवाज हो, या वयात! आणि काका, तुम्ही तर सगळी गाणी सोबत म्हणत होतात!"

ह्यांनी त्यांचे ओठ वाचले. "मग! अशा गाणाऱ्या पुन्हा होणे नाही," म्हणाले, चांगलं चारचौघांना ऐकू जाईल असं.

गर्दी पांगली. जिन्याच्या वळणावर मी ह्यांना थांबवलं.

"खरं सांगा. त्या कानाने एक तरी ओळ ऐकू आली?"

"नाही गं. नुसती घरघर."

मला रडूच फुटलं. एवढं केलं ते कशासाठी? काही केल्या हुंदका आवरेना. हे घाबरून इकडेतिकडे बघायला लागले. वरून अजून काही माणसं उतरत होती.

"अगं, रडू नकोस," हे हळूच म्हणाले. "लोकांना वाटेल, बाई चांगल्या गायल्या नाहीत."

मी डोळे पुसले, आणि आम्ही जिना उतरायला लागलो.