डाउनलोडच्या पानावरची चार बटणं

आमच्या ऑफिसात फोन मी घेते. म्हणजे लोक चिडतात ते माझ्यावर, आणि ज्यांच्यामुळे चिडतात ते आतल्या खोलीत हेडफोन लावून बसतात. आमचं सॉफ्टवेअर घशाच्या ऑपरेशनआधी माणसाचा आवाज साठवून ठेवतं. पुढे त्यानं टाइप केलं की कॉम्प्युटर त्याच्याच आवाजात बोलतो. काम चांगलं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं होतं ते डाउनलोडच्या पानाबद्दल. तिथं चार बटणं: कोअर, लाइट, प्लस, स्टुडिओ. ही नावं गुरुजींनी ठेवलेली. गुरुजी म्हणजे आमचे मुख्य इंजिनिअर. साधी वेळ विचारली तरी फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं समजावतात. मी त्यांच्या मागे लागून थकले, "अहो, 'आवाज साठवा' असं सरळ लिहा आणि मोकळे व्हा." त्यावर ठरलेलं उत्तर, "खाली सगळी माहिती दिली आहे. वाचायला काय जातं?" वाचतंय कोण, कपाळ.

ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे भावोजींचं, स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा त्यांना घोर एकच. त्यांची आई दुसऱ्या गावी एकटी राहते, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. रोज संध्याकाळी गॅरेज बंद केलं की ते तिला फोन करतात. आवाज गेला तर तिच्याशी बोलणार कसं?

ताईनं मला विचारायचं की नाही? नाही विचारलं. म्हणे, "तुझा फोन सदा चालू, कशाला तुला त्रास?" घरचा कॉम्प्युटर जुना, त्याला हलकी बरी म्हणून तिनं आपली लाइट घेतली. भावोजींनी आठवडाभर बसून वाक्यं वाचली. आवाज नीट साठायला हवा म्हणून गॅरेजात हाका मारतात तसं, खणखणीत. प्रत्येक वाक्याला हिरवी खूण यायची. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी ताईनं ऑफिसात फोन केला, "अगं, ह्यांचं साठवलेलं ऐकायचं कुठं? सापडत नाहीये."

कुठलं बटण दाबलं होतं ते मी विचारलं. "लाइट," ती म्हणाली. ज्यांचा आवाज आधीच साठवून झालाय, त्यांच्यासाठी लाइट असते. तिच्यातलं वाचन नुसतं सरावाचं. साठत काहीच नाही.

मी आत गेले आणि गुरुजींचे हेडफोन काढले.

"माझ्या बहिणीनं लाइट घेतली. आठवडाभर वाचून घेतलं."

"पण पानावर तळाशी लिहिलंय की..."

"मला नका सांगू. तिला सांगा." मी फोन त्यांच्या हातात दिला.

"ताई, लाइट म्हणजे काय, की..." एवढं बोलून ते थांबले. पलीकडून ताई काहीतरी विचारत होती. "हो, खूण येते," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. त्यातलं काहीच नाही." त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसले. "मी येतो. आत्ताच निघतो."

आम्ही दोघं त्यांचा लॅपटॉप आणि माइक घेऊन ताईकडे गेलो. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. पण आठवड्याच्या वाचनानं भावोजींचा आधीच दुखरा घसा पार बसला होता. तीन वाक्यं झाली की कोमट पाणी, मग पुढची तीन. गुरुजींनी त्या दुपारी कुणाला काही समजावलं नाही. घामाघूम होऊन माइक धरून बसले होते. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही.

"पहिल्या दिवशी काय मस्त वाचलं होतं ह्यांनी," ताई म्हणाली. गुरुजींनी माइक पुन्हा भावोजींपुढे धरला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पानावरची चारही नावं काढून टाकली. आता तिथं दोनच बटणं आहेत: 'आवाज साठवा' आणि 'साठवलेला आवाज वापरा'. मला विचारलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. भावोजी घरी आल्यावर मी आणि गुरुजींनी कॉम्प्युटर फोनला जोडून दिला. भावोजींनी मनाशी जुळवलेलं टाइप करायला घेतलं आणि एकेक वाक्य पाठवू लागले.

"आई, मी बोलतोय," कॉम्प्युटर म्हणाला. आवाज भावोजींचाच होता, त्या दुपारचा, घोगरा आणि ओढलेला.

"अरे बाळा!" म्हातारी रडायलाच लागली. मग म्हणाली, "किती दुखतंय रे तुला. बोलू नकोस."

भावोजींनी घाईघाईनं टाइप केलं. "दुखत नाहीये आई. हे मशीन बोलतंय. आता रोज बोलू." हेही त्याच आवाजात.

"मला फसवू नकोस. कळतं मला आवाजावरून. बरा झालास की मग कर फोन, तोवर नको."

तिनं फोन ठेवला. भावोजींनी लिहायला घेतलेलं पुढचं वाक्य पडद्यावर अर्धंच होतं.