माझे दात आणि काळा पाइप

मी एक जुना पाइप-पाना आहे. रुपराव मिस्तरींच्या पिशवीत सगळ्यात जड मीच. माझ्या जबड्यात दात आहेत आणि त्यांचा मला फार तोरा होता.

मित्रांनो, पंजाबातल्या एका कारखान्यात मला घडवलं. चौसष्ट साली मिस्तरींनी नागपूरच्या इतवारीतून मला विकत घेतलं. तेव्हा सगळे नळ लोखंडाचे. जोड गळला की मिस्तरी म्हणायचे, "घे, अजून एक पीळ!" मी चावलो की पाणी बंद. रुपरावांचा जोड गळत नाही, असं लोक म्हणायचे. मी मनात म्हणायचो, माझ्यामुळे!

मग आला काळा प्लास्टिकचा पाइप. एकोणऐंशीच्या मे महिन्यात नागपूरजवळच्या बेसा गावातल्या भागीरथाबाईंनी मिस्तरींना बोलावलं. विहिरीवरून मिरचीच्या रोपांकडे जाणाऱ्या पाइपाचा जोड सुटला होता. दोन दिवस पाणी नव्हतं. रोपांनी माना टाकल्या होत्या; त्या दिवशी पाणी मिळालं नसतं तर सगळी गेली असती.

मिस्तरींनी हाताला लागला तो क्लॅम्प, म्हणजे जोड आवळायची पत्र्याची कडी, पाइपावर चढवला. तो मोठा होता, त्यामुळे जोड गळू लागला. "अजून एक पीळ!" म्हणत त्यांनी मला लावलं. मी सवयीने कचकन चावलो. पाइप चेपला आणि माझ्या दातांच्या खुणांतून तीन धारा उडाल्या.

"काहून गा रुपराव, लोखंड समजून चावून राहिला का त्याले?" भागीरथाबाई कडाडल्या. "माही रोपं मरून राहिली ना!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिस्तरींनी मला पुसून बाजूला ठेवलं.

"पाणी लावल्याशिवाय मी हालत नाही, बाई," मिस्तरी म्हणाले. "गंजभर गरम पाणी द्या मले."

आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. माझ्या अंगावर चढतो तो गंज वेगळा!

मिस्तरींनी चेपलेला भाग करवतीने सरळ कापला. पाइपाचं टोक गरम पाण्यात मऊ करून दोन पाइप जोडणाऱ्या जोडनळीवर पूर्ण बसवलं. मग तीन क्लॅम्प लावून पाहिले. एक सैल होता, दुसऱ्याची कड पाइपात रुतत होती. तिसरा नेमका बसला. तसेच दोन-दोन क्लॅम्प दोन्ही टोकांना घालून पेचकसाने हळूहळू आवळले. शेवटी त्यांचा हात आणखी एका पिळासाठी वळला, आणि थांबला. मी पाहत होतो.

मोटार सुरू झाली. भागीरथाबाईंनी जोडाखाली तळहात धरला.

"कोरडा हाये," त्या म्हणाल्या आणि रोपांकडे धावल्या. वाफ्यात पाणी शिरलं होतं.

मित्रांनो, हत्यारांना तेल द्या, पुसून ठेवा. पण हत्यार उचलण्याआधी समोर काय आहे, ते बघा. तो मोठा क्लॅम्प मिस्तरींनी माझ्या दांड्याला सुतळीने बांधला आहे. मला उचललं की तो खळकन वाजतो. मिस्तरी थांबतात, पाइपाला बोट लावून पाहतात. पाइप काळा असला की मला परत पिशवीत ठेवतात, आणि मला त्याचा मुळीच राग येत नाही.