आतली नळी

लघवीत रक्त दिसलं तेव्हा रतनने पहिलं काम केलं ते म्हणजे बादलीभर पाणी ओतून ते घालवलं. बघायला घरात कोणी नव्हतंच. मुलगी निकिता कामावर गेली होती आणि बायको शालन जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. तरी त्याने पुन्हा एकदा पाणी ओतलं.

मग विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांत तो खुर्चीवर नुसता बसून राहिला. मूतखडा त्याला नवा नव्हता. हडपसरच्या कारखान्यात भट्टीपुढे उभं राहण्यात आयुष्य गेलं. अंगातून घामाच्या धारा, आणि पाणी काय ते जेवणाच्या सुट्टीत. शेवटी खडा मूत्रनळीत अडकला आणि दुर्बिणीतून फोडून काढावा लागला. पण तो निघाला होता. मग हे रक्त कशाचं? खडा नाही म्हणजे दुसरंच काहीतरी, आणि त्या दुसऱ्याचं नाव मनातसुद्धा घ्यायची त्याची छाती होत नव्हती.

शेजारच्या कांताबाईंना त्याने फक्त पाठ दुखते असं सांगितलं. त्यांनी कुळथाचं पाणी दिलं, पानफुटीची पानं चावायला दिली. रतनने सगळं निमूटपणे घेतलं. रक्त कधी दिसायचं, कधी नाही. जळजळ मात्र वाढत गेली. चेहरा का उतरलाय असं निकिताने विचारलं की तो उन्हावर ढकलायचा. आईला उभ्या उभ्या हार्ट अटॅक आला तेव्हापासून पोरगी फोन वाजला तरी दचकायची. तिला आणखी काय सांगायचं?

एका दुपारी त्याला हुडहुडी भरली. गोधड्या घेऊनही दात वाजायचे थांबेनात. निकिता आली, तिने कपाळाला हात लावला आणि रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं, एक्स-रे झाला. डॉक्टर तरुण होते, बोलणं तुटक. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक पांढरी रेघ उतरली होती, दोन्ही टोकांना वळलेली. वरच्या टोकावर चुन्याचा थर बसावा तसा जाड गोळा धरला होता, खालच्या टोकावर दुसरा.

"ही नळी कधी घातली?"

नळी तर काढली होती, रतन म्हणाला. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सिस्टरने काढली. केवढा ओरडला होता तो.

"ती लघवीची. ही आतली. सूज उतरेपर्यंत वाट मोकळी राहावी म्हणून ठेवतात आणि काही आठवड्यांनी काढतात. राहिली तर तिच्यावरच खडे धरतात. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं असणार. शालनला. डॉक्टर बोलायला लागले की रतन खिडकीबाहेर बघायचा आणि शालन ऐकायची. गोळ्या कुठल्या, पथ्य काय, परत कधी यायचं, सगळं तिच्याकडे. घरी आल्यावर मेथी निवडता निवडता ती म्हणाली होती की अजून एकदा तिकडे जायचंय. तो बघू म्हणाला होता. पंधरवड्यात ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला माणसं आली, जेवली, गेली. त्याच्या पोटात काय ठेवलंय हे माहीत असलेलं घरातलं एकच माणूस भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसलं.

"आईला माहीत होतं ना?" निकिताने विचारलं.



डॉक्टरांनी तिला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. उघड्या दारातून रतनला ती दिसत होती. ओठ घट्ट मिटून ती मान हलवत होती, अगदी शालनसारखी. रक्त बघून वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटली. आपलं सगळं पुन्हा एका बाईच्या डोक्यात चाललंय. तो उठला. सलाईनचा स्टँड ओढत, भिंतीला धरत दारापर्यंत गेला.

"डॉक्टर, मला सांगा."

"अंगात ताप आहे, काका. झोपा."

"नळी माझ्या पोटात आहे."

डॉक्टर त्याच्याकडे वळून बोलले. अडकलेल्या लघवीत पू झालाय. आज पाठीतून सुई घालून तो बाहेर काढायचा, नाहीतर विष रक्तात पसरेल. ताप उतरल्यावर खडे फोडायचे, कदाचित दोनदा, आणि मग ही नळी काढायची. किडनी किती उरली आहे ते नंतरच्या स्कॅनमध्ये कळेल. वाचेलच असं नाही. आणि शेवटी काही आठवड्यांसाठी एक नवी नळी ठेवावी लागेल.

 नवी नळी म्हटल्यावर रतनने विचारलं.

"आणि ती काढायला मी आलोच नाही, तर?"

"तर मग किडनी काढायला या."

निकिताने रागाने डॉक्टरांकडे पाहिलं. रतनला राग आला नाही. त्याने स्टँड दोन्ही हातांनी धरला. 

"पहिल्यापासून परत सांगा," तो म्हणाला. "सावकाश."

डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा पाठीतल्या सुईपासून सुरुवात केली. रतन त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकू लागला.