एकानं भरायचं, एकानं फिरवायचं

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्या तोंडात बोटं घालू नका. मी एक जुनी, हातानं फिरवायची खिमा-मशीन आहे. पापडी गावात सालोमीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला खालून स्क्रू आवळून मला बसवलेलं आहे. माझ्या पोटात मळसूत्र आहे, त्याच्या टोकाला धारदार पाती आणि पुढे भोकांची जाळी. वरून मांस पडलं की मी ते ओढते, पिळते, चिरते आणि जाळीतून बाहेर ढकलते. बोकडाचं असो की डुकराचं, मला दयामाया नाही. मला क्रूर म्हणालात तरी मी रागावणार नाही.

वितळून लाल झालेलं लोखंड साच्यात ओतलं, कानशीनं घासलं, वर कल्हई चढवली, तेव्हा मी जन्माला आले. सालोमीच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला आंदण दिलं. तेव्हा मी अशी चकाकत होते की तिनं मला आधी कपाटातच ठेवलं होतं.

माझ्या कामाची एक रीत आहे. एकानं भरायचं, दुसऱ्यानं दांडा फिरवायचा. भरणाऱ्याचा हात माझ्या तोंडाशी असतो, म्हणून हुकूम त्याचा. तो 'थांब' म्हणाला की फिरवणाऱ्यानं थांबायचं. सालोमी भरायची आणि तिचा नवरा फिरवायचा. तिच्या तोंडून 'थां' निघालं की दांडा जागच्या जागी उभा राहायचा. ईस्टरचे कटलेट म्हणू नका, लग्नघरचे पोटॅटो चॉप म्हणू नका, सगळं माझ्या जाळीतून गेलं. शेजारीपाजारी मला मागून न्यायचे आणि परत आणून देताना माझं कौतुक करायचे.

मग सालोमीचा नवरा वारला. घरात मिक्सर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथं मला गंज चढला. झुरळं माझ्या पोटात संसार थाटून बसली. फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

मला खाली काढलं ते सालोमीच्या मुलानं, डॉमनिकनं. तो जहाजावर स्वयंपाकी होता. तिथं तो लझानिया नावाचा परदेशी पदार्थ शिकला आणि सुट्टीवर आल्यावर बायकोला, लिलीला, त्यानं तो शिकवला. मिक्सरमध्ये खिम्याचा चिखल होतो, याला जाडाच खिमा लागतो, असं तो म्हणाला. लिलीनं चिंच आणि राख लावून मला घासलं, उकळतं पाणी ओतलं, तेलाचं बोट फिरवलं. त्या दिवशी मी पुन्हा माणसांत आले.

लझानिया काही फुकट होत नाही. कांदा, गाजर, लसूण बारीक चिरून परतायचं, त्यात माझा खिमा, टोमॅटो आणि थोडी लाल वाइन घालून मंद आचेवर रटरटू द्यायचं. लिली त्यात चिमूटभर बाटली मसालाही टाकायची, तो मात्र जहाजावरचा नव्हे, सासूनं कुटून बाटलीत भरून ठेवलेला. अंडी घालून मळलेल्या मैद्याच्या पातळ पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. ट्रेमध्ये एक थर पट्ट्यांचा, एक खिम्याचा, त्यावर व्हाइट सॉस, असं करत वरपर्यंत यायचं आणि शेवटी भरपूर चीज किसायचं. घरात ओव्हन नव्हता. ट्रे सिप्रियनच्या बेकरीत जायचा. पाव निघाल्यावर भट्टी गरमच असते, त्या धगीत चीज फसफसून तपकिरी व्हायचं.

कोणाचा बाप्तिस्मा असो, वाढदिवस असो, लिलीला ऑर्डरी येऊ लागल्या. डॉमनिकला मात्र जहाजावर परत बोलावलंच नाही. तो घरी बसून माझा दांडा फिरवू लागला. एकदा एक बाई दारात आली आणि दारात उभ्या असलेल्या डॉमनिकलाच म्हणाली, "लिली आहे का? तिच्या हातचा लझानिया हवा होता."

तो हसला आणि त्यानं लिलीला हाक मारली. बाई गेल्यावर त्यानं शेगडीवरचं पातेलं उचलून भिंतीवर आपटलं. रटरटता खिमा भिंतीवरून खाली ओघळला. "तिच्या हातचा! कोणी शिकवला तुला? बोल ना, कोणी शिकवला?" असं म्हणत त्यानं तिचे केस धरून तिचं डोकं टेबलावर आदळलं. मी त्याच टेबलाला आवळलेली होते. तो धक्का माझ्या दांड्यापर्यंत आला.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. कधी थप्पड, कधी लाथ, कधी पोळपाट. मांस ढकलायला माझा एक लाकडी दट्ट्या होता. तो डॉमनिकनं तिच्या पाठीवर मारून मोडला. मोडल्यावरही उरलेल्या तुकड्यानं मारत राहिला. सालोमी ओटीवर जाऊन बसायची आणि मोठ्यानं रोझरीची प्रार्थना म्हणायची. मला तिचा संताप यायचा, मित्रांनो, आजही येतो.

दट्ट्या मोडल्यापासून लिली बोटांनीच मांस आत ढकलू लागली. एका दुपारी ती अशीच भरत होती आणि डॉमनिक फिरवत होता. बोलता बोलता ती म्हणाली, "सिप्रियन काका बोलले, बेकरीवर माझ्या नावाचा बोर्ड लावू या." डॉमनिकचा हात जड झाला, ते मला कळलं. तेवढ्यात मांसातली एक शीर मळसूत्राला गुंडाळली गेली आणि तिच्या बोटाला ओढ बसली.

"थांब!" ती म्हणाली. "डॉमनिक, थांब!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि फिरवलं. मला थांबता येत नाही, मित्रांनो. जो फिरवतो त्याचीच मी. माझ्या पात्यांना हाड लागलं, तिची किंकाळी छपराला भिडली, तरी त्यानं आणखी एक फेरा दिला. तिच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर माझ्याच पोटात राहिलं.

"मला ऐकूच आलं नाही," असं डॉमनिकनं दवाखान्यात सांगितलं. "मशीनचा आवाज किती असतो!" सालोमी म्हणाली, "मी ओटीवर होते, मला पन काय ऐकायला आलं नाय." लिली होळी गावात माहेरी गेली. तिनं वडिलांना, व्हॅलेरियनला, खरं काय ते सांगितलं, पण त्यानं नकारार्थी मान हलवली. "अपघात होतात, बाळा. असा आळ घेऊ नको." तिचं बोट गेलं होतंच, आता तिच्या शब्दालाही किंमत उरली नव्हती.

पुढे डॉमनिकच्या बहिणीच्या, ग्लोरियाच्या, मुलीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा सोहळा, ठरलं. त्या निमित्तानं दोघांचं जुळवून टाकावं, असं मोठ्यांनी ठरवलं. व्हॅलेरियन स्वतः लिलीला घेऊन आला. लझानिया दोघांनी मिळून करायचा, पहिल्यासारखा, आणि लिलीनं इथंच राहायचं. सगळे स्वयंपाकघरात जमले.

लिलीनं माझा दांडा धरला. "आज मी फिरवते," ती म्हणाली. "तू भर."

डॉमनिकनं मांसाचा तुकडा उचलला. हात माझ्या तोंडापर्यंत आणला आणि तिथंच अडला. त्याच्या मनगटावरून मांसाचं लाल पाणी कोपरापर्यंत ओघळलं. बोटं काही पुढे जाईनात.

"टाक ना," ग्लोरिया म्हणाली.

"ती मुद्दाम फिरवेल."

"तू थांब बोललास की थांबेन मी," लिली म्हणाली.

"नाय थांबणार! मला माहितीये, नाय थांबणार तू!"

"मशीनच्या आवाजात ऐकायला येत नाही म्हणून?" व्हॅलेरियननं हळूच विचारलं.

डॉमनिकनं ते मांस लिलीच्या तोंडावर फेकलं आणि मूठ उगारून तिच्या अंगावर धावला. व्हॅलेरियन मध्ये पडला, ती मूठ त्याच्या जबड्यावर बसली आणि त्या म्हाताऱ्याच्या ओठातून रक्त आलं. तरी त्यानं जावयाची मान धरून त्याला भिंतीवर दाबलं, दाराबाहेर ढकललं आणि कडी घातली. बाहेरून लाथा बसत राहिल्या.

मग सालोमी उठली. तिनं जमिनीवरचं मांस उचलून धुतलं आणि ती माझ्यासमोर उभी राहिली. तिची म्हातारी बोटं माझ्या तोंडात गेली.

"फिरव, लिली."

लिलीनं फिरवलं. मांस आत ओढलं गेलं, जाळीतून खिमा येऊ लागला. काही अडलेलं नव्हतं, तरी मध्येच सालोमी म्हणाली, "थांब."

दांडा जागच्या जागी उभा राहिला.

सालोमीनं हात बाहेर काढला. पाचही बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि ती ढसाढसा रडू लागली. "व्हॅलेरियन, त्या दिवशी ओटीवर मला ऐकायला आलं होतं. भिंतीपलीकडे असून ऐकायला आलं होतं."

व्हॅलेरियननं लिलीचं अर्धं बोट आपल्या मुठीत घेतलं. माफी मागितल्यासारखं त्यानं ते आपल्या कपाळाला लावलं.

मित्रांनो, मला वापरल्यावर धुवा, पुसा, तेल लावा, माळ्यावर टाकू नका. दट्ट्या मोडला तर त्याच दिवशी नवा करून घ्या. मी लोखंडाची आहे, मला कान नाहीत. तुम्हाला आहेत.