ताणाच्या दिवसांत सोडलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. लोधीखेड्याजवळ गुणवंताभाऊंच्या संत्र्याच्या बागेत, एका झाडाच्या मुळाशी पुरलेला. मला दोन दांड्या आहेत. एकीतून दुसरीकडे मी विजेचा अगदी बारीक प्रवाह सोडतो. माती ओली असली की तो सहज पोचतो, कोरडी असली की अडतो. त्यावरून मला ओलावा कळतो. एवढंच माझं शिक्षण.

माझे भाऊबंदही बागेत आहेत. खांबावरचा एक हवेची उष्णता मोजतो, टाकीतला दुसरा पाण्यावर तरंगून पातळी सांगतो. पण मोटर माझ्या शब्दावर चालायची, म्हणून मी जरा तोऱ्यातच असायचो. गुणवंताभाऊंचा मुलगा योगेश पाहुण्यांना आधी मलाच दाखवायचा.

दोन वर्षं बागेला बहर आला नाही. "औंदा फुलली नाही तं तोडून कापूस लावू," योगेश म्हणाला. झाडं गुणवंताभाऊंनी स्वतःच्या हाताने लावलेली. त्यांनी एक वर्ष मागून घेतलं.

डिसेंबरात बागेचं पाणी तोडलं. याला ताण देणं म्हणतात. झाड महिनाभर तहानलेलं ठेवायचं, पानं मलूल झाली की मग पाणी द्यायचं, तेव्हा ते फुलतं; मधेच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते. मला मोटरशी जोडणारी पेटी बंद केली होती. मला हे काही ठाऊक नव्हतं.

ताण अर्ध्यावर असताना बापलेक जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले, बहर मागायला. आमच्याकडे वीज कधी येईल याचा नेम नाही. म्हणून घर सोडताना पेटीचं बटण ऑटोवर टाकायची हाताला सवयच असते, म्हणजे वीज आली की सगळं आपोआप चालू होतं. गुणवंताभाऊंनी तेच केलं. वीज आली, मी जागा झालो. माती ठणठणीत कोरडी! मी तसं कळवलं आणि मोटर सुरू झाली. संध्याकाळपर्यंत बाग चिंब भिजली. मी खूश होतो, हे सांगताना आज लाज वाटते.

"बटण कोणं लावलं, बाबा?" योगेश आल्या आल्या ओरडला.

गुणवंताभाऊ ओल्या मातीत उकिडवे बसले. "मीनंच लावलं रे. हात गेला."

"आता काय फुलते बाग!"

ते उठले आणि पेटीचं बटण बंद करून आले.

जानेवारीत झाडांना कोवळी पालवी फुटली. रस्त्याने जाणारे म्हणायचे, बाग काय मस्त दिसून राहिली! फूल मात्र एकही नव्हतं.

काल अर्धी बाग तोडून झाली. माझं झाड उद्या. योगेश मला उपटायला आला, तर गुणवंताभाऊ म्हणाले, "राहू दे. त्याले कोरडं दिसलं, त्यानं सांगतलं. त्याचा काय दोष?" त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण सगळं आमच्यावर सोपवून जाऊ नका. माती कोरडी आहे एवढं आम्हाला कळतं. ती का कोरडी ठेवली, ते माणसालाच ठाऊक असतं.

आज सकाळी गुणवंताभाऊ बादलीभर पाणी घेऊन आले आणि माझ्या झाडाच्या बुंध्याशी हळूहळू ओतत राहिले. मग खोडावर हात ठेवून उभे राहिले. माती ओली झाली, असं मी कळवलं. आता त्याचा कुणालाच उपयोग नाही.