अप्पांच्या खिशातलं यंत्र

आपल्या आभाळातून कधीच न मावळणारे दिशादर्शक उपग्रह सांभाळणं हे तिचं काम. काही एका जागी स्थिर दिसत, काही रोज इंग्रजी आठाचा आकडा गिरवत. तिच्या नजरेतून एकही सुटत नसे.

दुपारी भावाचा फोन आला. "अप्पा घरात नाहीत. त्यांच्या खिशातल्या यंत्रावरून बघ ना, कुठे आहेत ते."

विसराळू वडिलांचं यंत्र चार्ज करायचं ती आज-उद्या करत राहिली होती.

"ते बंद आहे," ती पुटपुटली.

तेवढ्यात रखवालदारानं तिला कार्यालयाच्या फाटकावर बोलावलं. विचारत विचारत पोचलेले अप्पा त्याला कौतुकानं सांगत होते, "माझी लेक आभाळावर नजर ठेवते. माझं घर कुठे आहे, ते तिला बरोबर ठाऊक असतं."

त्यांचा हात धरून ती निघाली, पण तिची मान काही वर होईना.